कृपया झाकण उघडू

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात होते. वर्गात फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम, त्यावरून मी दोन नव्या शिक्षकांना फाडून खाल्लंय. पण लागोपाठ तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. "ताई, हे तिकडं सचिन गावात पडले. कुठल्या तरी कारखान्याच्या गेटसमोर. तिथला एक माणूस बोलतोय यांच्या फोनवरून..." सुनंदा माझी धाकटी जाऊ. एरवी बोलायला लागली की थांबत नाही, त्या दिवशी तिचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हृदय, म्हणाले डॉक्टर. हिरामणभाऊजी, माझे धाकटे दीर, सुरतच्या कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांमधले 'पॅनलवाले हिरामणभाई', वयाच्या बावन्नाव्या वर्षी भर दुपारी रस्त्यावर गेले.

दहा दिवस सुरतेतल्या लिंबायत भागातल्या त्यांच्या घरी माणसं येत होती. गावाकडची, मिलमधली, गल्लीतली. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न... त्या दिवशी तर त्यांनी सुट्टी टाकली होती, मग सचिनला काय काम होतं? सुनंदा म्हणायची, मला काय माहीत बाई, सकाळी डबासुद्धा न घेता निघाले. मी कोपऱ्यात बसून आल्यागेल्याला पाणी देत होते. त्या घरात एकटी मलाच माहीत होतं ते कशाला गेले होते, आणि मी तोंड उघडलं नाही. आज पाच आठवड्यांनी लिहितेय. हे मृत्यूनंतरचं गोड गोड लिहिणं नव्हे, तसं वाचायचं असेल तर पान उलटा.

मी मराठी शाळेतली मास्तरीण. सुरतेत आमची पोरं घरात अहिराणी बोलतात, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि मराठी फक्त माझ्या धाकानं. सासर सगळं अहिराणी, गाव अमळनेरकडचं. मी जळगावच्या मास्तरांची लेक, आल्या दिवसापासून त्या घरात नाकानं कांदे सोलत राहिले. भाऊजी तेव्हा एकोणीस वर्षांचे, उधन्याला कापडाच्या लूमवर जायचे. "काय करी ऱ्हायनात वहिनी?" असं त्यांनी विचारलं की मी म्हणायची, "काय करत आहात, असं विचारा, मग सांगते." ते हसायचे आणि दुसऱ्यांदा शुद्ध विचारायचे. पुढं पुढं तर मला चिडवायला मुद्दाम चुकायचे. दहावीनंतर शाळा सुटलेला माणूस, पण शिकण्याची अशी भूक मी माझ्या एकाही विद्यार्थ्यात पाहिली नाही. लूमवरून ते एका इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली गेले, तिथून डाइंगच्या मशीनवर, आणि शेवटी त्या मशीनच्या पॅनलवर येऊन थांबले. पॅनल म्हणजे मशीनच्या अंगावरचा पडदा. किती गरम करायचं, रंग कधी सोडायचा, पाणी कधी काढायचं, सगळं त्याच्यावरून. तो बंद पडला की आख्खी पाळी हात बांधून बसते आणि शेठ हिरामणभाईंना फोन लावतो.

त्या पडद्यामागे एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्याच्या पोटात एक फाइल. पडद्यावर जे जे दिसतं ते सगळं त्या एका फाइलमध्ये बांधून ठेवलेलं, बटणं, खिडक्या, चित्रं, सूचना, सगळं. कंपनी परदेशातली, बांधणी तिची तिनंच ठरवलेली. ती कुठल्या पुस्तकात छापलेली नाही, विचारलं तर सांगत नाहीत, आणि ही कंपनी तर विचारायलाही उरली नव्हती. भाऊजी म्हणायचे, "वहिनी, पेटी आहे, किल्ली नाही. पण पेटी आहे म्हणजे कुणीतरी भरलीय. भरणाऱ्याचा स्वभाव कळला की झालं." दर रविवारी दुपारी ते लॅपटॉप घेऊन आमच्याकडे यायचे, त्यांच्या घरी पोरींचा दंगा असायचा म्हणून. पडद्यावर नुसते आकडे, सोळा-सोळाच्या ओळीत, पानंच्या पानं. मला ते बघून गरगरायचं. ते मात्र एक आकडा बदलायचे, सोमवारी कामावर जाऊन पॅनलवर काय बदललं ते बघायचे, आणि वहीत टिपून ठेवायचे. असं दोन वर्षं चाललं. एकदा त्यांनी एक आकडा बदलला आणि 'चालू'चं बटण पडद्याच्या बाहेरच निघून गेलं. दोन तास पाळी ठप्प, शेठनं आईमाईवरून उद्धार केला, आणि हे घरी आले ते नाचतच. बटण कुठं बसवायचं त्याचा आकडा सापडला होता ना!

मला त्यातलं थोडं थोडं कळायला लागलं ते त्यांच्या सांगण्यामुळं. आत आकडे उलटे लिहिलेले असतात, एकं आधी आणि दहं नंतर. चित्रं तळापासून वर रचलेली असतात, गवंडी भिंत बांधतो तशी. फाइलच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते, कुठली सूचना कुठं आहे ते सांगणारी. आणि प्रत्येक सूचनेला घरं मोजून दिलेली असतात. एका घरात एक अक्षर. "हा जो कोण बनवणारा आहे ना, तो भारी चिक्कू आहे," ते म्हणाले होते. "स्वतःच्या भाषेत जेवढी अक्षरं लागली तेवढीच घरं दिलीत. शेवटचं एक मोकळं ठेवायचं, ते संपल्याची खूण. दुसरी कुठली भाषा इथं राहायला येईल हे त्याच्या मनातही आलेलं नाही." मी हसले होते. भाड्याच्या खोलीत पाहुणे आले की घरमालक करतो तसंच की, म्हटलं.

मग उधन्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, त्यांच्या मनात आलं, पडद्यावर मराठी आणायची. तिथली जेट मशीनं सगळी आपल्या खानदेशी माणसांच्या हातात. इंग्रजी कुणाला वाचता येत नाही, बटणं रंगावरून पाठ केलेली. जेट मशीन म्हणजे मोठं थोरलं बंद पिंप, त्यात कापड उकळत्याहूनही गरम पाण्यात, दाबाखाली फिरतं. भाऊजींनी शेठला विचारलं, तो म्हणाला, "करो ने भाई, मने शुं वांधो?" म्हणजे करा की, माझी काय हरकत. आणि एका रविवारी ते ऐंशी-एक सूचनांची यादी घेऊन माझ्यापुढं बसले. शेजारी त्यांनी स्वतःच्या हातानं मराठी लिहून आणलं होतं. मी लाल पेन काढलं. पेपर तपासायला बसल्यावर मी माणसात नसते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

'पाणी भरा', 'गरम करा', 'रंग सोडा', ही सोपी होती. यादीच्या शेवटाकडे एक इंग्रजी वाक्य होतं, 'डू नॉट ओपन लिड'. आत दाब असताना कुणी झाकणाचं बटण दाबलं तर येणारी सूचना. भाऊजींनी लिहिलं होतं, 'नका उघडू झाकण'. मी कपाळाला हात लावला. "अहो, हे काय भांडणातलं बोलणं आहे? कर्म आधी, क्रियापद मग, नकार शेवटी. झाकण उघडू नये. आणि कृपया कुठाय? परदेशी मशीनला रीतभात नसेल, आपल्याला आहे." ते म्हणाले, "वहिनी, पंधराच घरं आहेत. सोळावं खुणेचं." मी बोटांवर मोजलं. कृ-प-या, तीन. मधली मोकळी जागा धरून चार. झा-क-ण, सात. मोकळी जागा, आठ. उ-घ-डू, अकरा. मोकळी जागा, बारा. न-ये, चौदा. "चौदा! एक घर उरतंय वर, त्यात पूर्णविराम द्या." त्यांनी मान डोलावली. पूर्णविराम दिला नाही एवढंच, बाकी माझं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. वहिनींनी मोजलंय म्हटल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं नाही. लहानपणापासून शाळेला मानणारा माणूस तो.

मराठी पॅनल सुरू झालं त्या आठवड्यात ते माझ्यासाठी पेढे घेऊन आले. सगळे पडदे त्यांनी एक एक करून तपासले होते, सगळे ठीक. फक्त ही एक सूचना तपासता आली नव्हती, कारण मशीन तापून दाब चढल्याशिवाय ती येतच नाही, आणि त्यांनी तपासलं ते थंड मशीनवर. कारागीर लोकांनी पडद्याचे फोटो काढून गावी पाठवले. आणि मग ती फाइल त्यांच्या हातातून निसटली. या युनिटच्या इलेक्ट्रिशियननं पेन ड्राइव्हवर घेऊन त्या युनिटला दिली, त्यानं आणखी पुढं. तीच जुनी मशीनं सुरतभर आहेत ना. भाऊजींना कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही राग आला नाही. "आपली भाषा फिरते आहे, फिरू द्या," असं ते तेव्हा म्हणायचे.

वर्षभरानं रोहिदास भाजला. शिरपूरकडचा पोरगेलासा माणूस, उधन्याच्या त्याच कारखान्यात मशीनवर येऊन दोनच महिने झालेले. दाब असताना झाकण उघडूच नये म्हणून मशीनला एक कुलूप असतं, ते बिघडलेलं होतं आणि कुणीतरी तारेनं बांधून मोकळं केलेलं होतं. दाबाचा काटा मागच्या बाजूला, त्याची काच धुरकटलेली. रोहिदासनं बटण दाबलं, पडद्यावर जे आलं ते वाचलं आणि झाकण फिरवलं. उजवा हात कोपरापर्यंत, मान, गालाची एक बाजू... जीव वाचला हे नशीब. दवाखान्यात तो एकच सांगत होता, "मशीननंच सांगितलं, उघडू म्हणून." लोक म्हणाले, वेदनेनं बरळतोय. सुपरवायझर म्हणाला, वाचता येत नाही तर बटणं कशाला दाबतो? कागदावर निष्काळजीपणा लागला आणि त्याची नोकरी गेली.

भाऊजींनी ते "उघडू म्हणून" ऐकलं आणि तो शब्द त्यांच्या डोक्यातून जाईना, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मशीन दुरुस्त होऊन पुन्हा चालू झालं तेव्हा ते तिथं गेले, दाब चढेपर्यंत समोर उभे राहिले आणि स्वतः झाकणाचं बटण दाबलं. संध्याकाळी ते आमच्याकडे आले, चप्पल न काढता आत आले, आणि मोबाइलवरचा फोटो माझ्यापुढं धरला. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. कृपया झाकण उघडू.

मी पस्तीसेक वर्षं व्याकरण शिकवतेय. वाक्य अर्धवट तुटलं की ते तुटलेलं दिसतं, पोरगंसुद्धा ओळखतं. हे तुटलेलं दिसतच नव्हतं. चला, जेवू. चला, निघू. कृपया, झाकण उघडू... मशीन अदबीनं म्हणत होतं, आपण झाकण उघडू या. तेवढ्या गरम, तेवढ्या दाबानं भरलेल्या त्या पिंपानं हात जोडून विनंती करावी तशी ती ओळ होती, आणि ती माझ्या अक्षरात नसली तरी माझ्या शब्दांत होती. भाऊजी खाली फरशीवर बसले. "वहिनी, मशीनच्या लेखी काना वेगळं अक्षर शे, मात्रा वेगळी, उकार वेगळा. तुमचा 'कृ' दोन घरं खातो. पंधराव्या घरात 'डू'चा उकार बसला आणि दार लागलं. नये बाहेर राही गयं." ते अहिराणीत बोलत होते आणि त्या दिवशी मी त्यांना सुधारलं नाही. बाराखडी शिकवणारी मी, क ला काना का करून घसा कोरडा करणारी, मोजताना काना-मात्रा विसरले. त्या संध्याकाळी ते घरी गेल्यावर त्यांचं मूळ वाक्य मी मशीनच्या रीतीनं मोजलं. नका उघडू झाकण. तेरा. सगळं मावलं असतं. आणि नसतं मावलं तरी कापलं गेलं असतं ते झाकण, 'नका' नव्हे. इंग्रजी माणसाचा नकार पुढं असतो, म्हणून त्या चिक्कू माणसानं शेपटाकडून कापायची सोय केली. आपला नकार शेपटात. आणि त्यालाही मागं ढकलायला मी 'कृपया' आणून बसवला.

भाऊजींना रोहिदासला सांगायचं होतं, शेठला सांगायचं होतं. मी अडवलं. हे स्पष्ट लिहिते, म्हणजे त्यांच्यावर कुणी बोट ठेवायला नको. मी म्हटलं, "माणूस जगलाय ना? प्रकरण पोलिसांत गेलं तर तुमच्या दोन पोरींचं काय? गप्प बसा आणि गुपचूप ते वाक्य नीट करा." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाले. मोठ्या वहिनीला "बरं" म्हणायची सवय त्यांना नडली.

उधन्याचं पॅनल त्यांनी दुसऱ्याच दिवशी नीट केलं. पण फाइल तर गावभर झाली होती. मग सुरू झालं ते शोधणं. सुट्टीच्या दिवशी, जेवणाच्या वेळात, ते स्कूटरवर बसून एकेका प्रोसेस हाउसला जायचे, पॅनल फुकट तपासून देतो म्हणायचे. शेठ लोकांना वाटायचं, हिरामणभाईंना काय झालं, फुकट कशाला? काही ठिकाणी वॉचमननं आतच सोडलं नाही. सापडली त्यातली काही त्यांनी बदलली. पण एक सापडलं की तिथला माणूस सांगायचा, अमक्याकडे पण आहे म्हणे, मराठीवालं. यादी संपायच्या ऐवजी वाढत होती. बारीक झाले, जेवताना मधेच हात थांबायचा. फोन वाजला की आधी विचारायचे, "कुणी भाजलं का?" सुनंदाला वाटायचं साखर वाढली असेल. मला म्हणाले होते, "वहिनी, एखाद्या घरात साप सोडून यावा आणि घर कुठलं ते विसरावं, तसं झालंय." माझंही काही बरं नव्हतं. वर्गात एखादं पोर उठून विचारायचं, "बाई, खिडकी उघडू?" आणि माझ्या हातातला खडू जागीच थांबायचा. पोरं एकमेकांकडे बघायची. एकदा तर मी "नको!" म्हणून ओरडले आणि ते पोर रडायलाच लागलं.

आमची शेवटची भेट ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळची. दारातच उभे राहिले, चहा नको म्हणाले. "सचिनला एक आहे, पक्की खबर आहे. गल्ली कळलीय, गेट शोधायचं. उद्या सुट्टी टाकलीय." मी म्हटलं, ऊन फार आहे, सकाळी लवकर जा. ते जिना उतरायला लागले आणि तीन पायऱ्यांवर थांबले. "वहिनी... मी रोहिदासला सांगून टाकू का?" मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "आधी सचिनचं होऊ द्या." त्यांना मी सांगितलेलं ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते त्या गल्लीत पडले.

दिवस-कार्य झालं. माणसं पांगली. आणि मला रोज सकाळी जाग यायची ती एकाच विचारानं, सचिनमध्ये एक मशीन आहे आणि ते आज कुणाला तरी अदबीनं विचारणार आहे. आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते गरीब माणूस, ऐकून एवढंच म्हणाले, "ज्याचं त्याला आधी सांग." म्हणून एका रविवारी सकाळी मी रोहिदासच्या खोलीवर गेले. लिंबायतमध्येच, आमच्यापासून चार गल्ल्यांवर. इतक्या जवळ, आणि मी कधी गेले नव्हते.

त्यानं ओळखलं, म्हणाला, "या बाई, हिरामणभाईंच्या वहिनी ना तुम्ही?" हाताची कातडी ओढली गेली होती, बोटं पूर्ण मिटत नव्हती. मी बसले आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. माझं लाल पेन, माझं बोटांवर मोजणं, पंधरा घरं, माझं गप्प बसवणं. तो माझ्याकडे न बघता ऐकत होता. मी थांबले. वाटलं, आता शिव्या घालेल, आणि घातल्या तर घेईन. पण तो ताडकन उठला. "बाई... वसंता!" वसंता त्याचा मेहुणा. सचिनला, तसल्याच जेट मशीनवर. भाजायच्या आधी, मराठी पडद्याचं एवढं कौतुक वाटलं होतं म्हणून, रोहिदासनं स्वतःच ती फाइल पेन ड्राइव्हवर भरून घेऊन मेहुण्याला नेऊन दिली होती. मी गल्ली विचारली. भाऊजी पडले होते तीच.

त्यानं डाव्या हातानं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वसंताची पाळी चालू होती. मी देवाचं नाव घेत होते की भाऊजींचं, मलाच कळत नव्हतं. चौथ्यांदा उचलला. स्पीकरमधून मशीनची नुसती घरघर. रोहिदास ओरडला, "वसंता, झाकन उघडू नको!" पलीकडून घरघरीतून आवाज आला, "हां? काय? उघडू?"

रोहिदास फोन तोंडाला लावून जीव खाऊन ओरडला, "नको! नको! नको!" मीही ओरडले. मास्तरीण मी, त्या खोलीत उभी राहून नुसतं "नको, नको" ओरडत होते, ना कर्म ना क्रियापद. गल्लीतली माणसं दारात जमली. पलीकडची घरघर थोडी लांब गेली, वसंता बाहेर आला असावा. "बरं, नको तं नको. वरडस कशाले?"

दुसऱ्या दिवशी तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून त्या पॅनलवर पुन्हा इंग्रजी चढवून घेतलं. उधन्याच्या शेठला आणि त्या सुपरवायझरला मी सहीनिशी लिहून दिलंय की चूक वाचणाऱ्याची नव्हती, लिहिणाऱ्याची होती, आणि कुलूप तारेनं बांधलेलं होतं. पुढं जे होईल ते होवो. पण ती फाइल आणखी कुठं कुठं आहे, मला माहीत नाही. ज्याला थोडंफार माहीत होतं तो माणूस गेला. उधना, पांडेसरा, सचिन... तुमच्या घरातलं कुणी जेटवर असेल तर आजच विचारा, पडद्यावर मराठी येतं का? येत असेल तर त्या सूचनेवर विश्वास नको. नको म्हणजे नको.

हे पेपरात लिहा असं रोहिदासच म्हणाला. फोन ठेवून तो पुन्हा खाली बसला होता, घामानं निथळत. मग त्यानं विचारलं, "हिरामणभाईले माहीत व्हतं हे?" मी म्हटलं, होतं. त्यानं मान हलवली. "तरीच. दर रविवारी सकाळी मोसंबी घेऊन यायचे. बसायचे, बोलायचे नाही, सोलून द्यायचे मला, माझी बोटं वळत नाहीत म्हणून." मला हे माहीत नव्हतं. सुनंदालाही नव्हतं. आमच्याकडे दुपारी येणारा माणूस सकाळी तिथं बसून मोसंबी सोलत होता. "एकदा मी त्यांना विचारलं," रोहिदास म्हणाला, "मी वाचायला चुकलो का हो, हिरामणभाई? तर हातातलं तसंच ठेवून उठून गेले. म्हटलं, असेल, चुकलोच असेन. पोरगी पुस्तक घेऊन येते, मी म्हणतो आईकडं जा, तुझ्या बापाला वाचता येत नाही." तो माझ्याकडे वळला. "मंग बाई, मी काय वाचेल व्हतं?"

"जे लिहिलं होतं तेच," मी म्हटलं. "काना-मात्रेसकट बरोबर."

आतल्या खोलीत त्याची बायको होती. त्यानं तिकडं तोंड केलं आणि म्हणाला, "आयकं का? मी बरोबर वाचेल व्हतं." आणि मग, आत ऐकू गेलं नसेल असं वाटून, पुन्हा एकदा, मोठ्यानं.